एक ठिपका जास्त

लग्न होऊन मी बंगळूरला आले तेव्हा घरात माझ्याशी मराठी बोलणारी तीन माणसं होती आणि तिघांचंही मराठी मला धड कळत नव्हतं. मी साताऱ्याची. सासरची मंडळी तीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेली, मल्लेश्वरममध्ये पक्की रुजलेली, आणि बोलण्यात निम्मी कानडी. सासऱ्यांना अण्णा म्हणायचं आणि सासूबाईंना अक्का, हे मला पहिल्याच दिवशी सांगण्यात आलं. आमच्याकडे अक्का म्हणजे थोरली बहीण, त्यामुळे सासूला अक्का म्हणताना महिनाभर माझी जीभ अडखळली. आमटीला ते हुळी म्हणत. मी मात्र हट्टानं आमटीच म्हणे. अण्णांनी "हुळी वाढ गं" म्हटलं की मी "आमटी वाढते" म्हणून पळी उचलायची. सातारी बाणा म्हणून माझ्याकडे एवढाच शिल्लक होता.

अक्का वाईट नव्हत्या. पण पहिले सात-आठ महिने त्या माझ्याशी थेट बोलल्याच नाहीत म्हटलं तरी चालेल. काही सांगायचं असलं की त्या भिंतीला सांगत, विहिरीच्या रहाटाला सांगत, नाहीतर मांजराला. "हळद जरा कमी पडली असती तर कुणाचं काही बिघडलं नसतं," हे मांजराला. मांजर बिचारं आयुष्यात कधी हळदीच्या वाटेला गेलं नव्हतं.

सकाळी दारातली रांगोळी अक्काच काढत. रांगोळीच्या खाली, पायरीच्या कडेला, त्या एक ओळ ठिपके देत. घरात त्या दिवशी जेवणारी जितकी माणसं, तितके ठिपके. ही त्या घरचीच रीत, गल्लीत दुसऱ्या कुणाकडे नव्हती. दूधवाला ठिपके बघून तेवढ्या माणसांचं दूध पातेल्यात ओतून जाई. हाक मारणं नाही, विचारणं नाही. आमचे हे फिरतीवर गेले की एक ठिपका कमी व्हायचा. मी आल्यावर तिनाचे चार झाले. पण माझा ठिपका बाकीच्या तिघांपासून जरा लांब पडतो, असं मला रोज वाटायचं. माहेरच्या पत्रात मी हे कधी लिहिलं नाही. त्या ठिपक्याकडे बघून दोनदा रडले मात्र आहे.

मला जीव रमवायला एकच जागा होती. दोन क्रॉस, म्हणजे दोन आडव्या गल्ल्या, सोडून एका घराच्या पुढच्या खोलीत चार मराठी कुटुंबांनी मिळून वाचनालय चालवलं होतं. वाचनालय म्हणजे दोन कपाटं आणि एक निवृत्त मास्तर. वर्षातून दोनदा पुण्याहून पुस्तकांची ट्रंक यशवंतपूरच्या स्टेशनावर उतरायची आणि मास्तर ती टांग्यातून आणायचे. मला लहानपणापासून भुताखेतांच्या गोष्टींचं वेड. अंगावर काटा आला नाही तर वाचल्यासारखं वाटतच नसे.

एका दुपारी मी मागच्या अंगणात अशीच एक गोष्ट वाचत बसले होते. गोष्टीत रिकाम्या घरातला झोपाळा आपोआप हलायला लागला आणि नेमकं त्याच वेळी आमच्या मांजरानं भिंतीवरून धप्पकन उडी मारली. मी अशी किंचाळले की अक्का स्वयंपाकघरातून धावत आल्या.

"काय वाचतेस एवढं?" त्यांनी मला विचारलं. मांजर समोर असूनही मला.

"भुताची गोष्ट आहे."

अक्का हातातली परात घेऊन माझ्याशेजारी बसल्या. "वाच बघू," म्हणाल्या. "मोठ्यानं."

तेव्हा मला कळलं की मायबोली मराठी असलेल्या माझ्या सासूला मराठी वाचता येत नव्हतं. त्या शाळेत शिकल्या त्या कानडी. कानडी मासिकं फडाफडा वाचायच्या, त्यातल्या सगळ्या भुतांशी त्यांची ओळख होऊन गेली होती. आता त्यांना नवी भुतं हवी होती. मलाही तीच हवी होती. एका घरात आठ महिने राहून आम्हा दोघींना एकमेकींचा हा शौक माहीत नसावा, याचं मला अजून हसू येतं.

दिवस थंडीचे होते, अवरेकाळूचे, म्हणजे ओल्या पावट्यांचे. भिजवलेला एकेक दाणा दोन बोटांत दाबून सालीतून सोडवायचा, असं ते दुपारभर पुरणारं काम. अक्का दाणे सोडवत आणि मी वाचे. गोष्ट कितपत भिववते हे मला त्यांच्या बोटांवरून कळायचं. गोष्ट साधी असली की दाणे टपटप पडत. रंगायला लागली की बोटं मंद होत. खरी भीती आली की दाणा बोटांतच राहायचा आणि अक्का माझ्या तोंडाकडे बघत राहायच्या. त्या दिवशी झोपाळ्याच्या गोष्टीला दाणा चांगला पाच मिनिटं अडकला. "अय्यो," त्या म्हणाल्या, "उद्या पण वाच हं." मी त्या रात्री यांना म्हटलं की मला तुमचं बंगळूर आवडायला लागलंय.

पण आठवड्याभरातच माशी शिंकली. नवीन पुस्तकात खून निघाला. मी वाचण्याच्या भरात कुऱ्हाड, जिना, जिन्यावरून वाहणारं रक्त, सगळं साग्रसंगीत वाचून मोकळी झाले. वर बघते तो अक्का तोंडाला पदर लावून आत चाललेल्या. रक्त त्यांना नुसतं ऐकूनही सोसत नसे. दोन दिवस त्यांना जेवण गेलं नाही. अण्णा फार बोलणारे नव्हते, पण त्या दिवशी बोलले. "पुन्हा असं झालं तर ती पुस्तकं या घरात नकोत. सरी?"

मी "सरी" म्हटलं, म्हणजे बरं. पुस्तकांचं एक वेळ मी सोसलं असतं. पण दुपारचा तो एक तास गेला की अक्का पुन्हा मांजरामार्फत बोलायला लागणार, याची मला धास्ती होती.

मी मास्तरांकडे गेले. "मास्तर, भीतीच्या गोष्टी हव्यात. पण रक्त नको."

त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि एक पुस्तक काढून दिलं. त्यात रक्त नव्हतं. त्यात एक यक्षीण होती, ऐन वैशाखात ती नदीतून ओलेत्यानं वर आली, आणि पुढची दोन पानं लेखकानं तिच्या अंगाशिवाय दुसऱ्या कशाकडे बघितलंच नाही. हे मला कधी कळलं, तर अक्का समोर, अण्णा पलीकडच्या खोलीत दार उघडं टाकून पेपर वाचताहेत, आणि मी मोठ्यानं वाचत अर्ध्या वाक्यात आलेली. मागे फिरायला जागा नव्हती. मी डोळे मिटून त्या यक्षिणीला तिथल्या तिथे शाल पांघरली. आणि मग शाल पांघरून ती गावात निघाली, एका दाराशी थांबली, कडी वाजवली, असं जे मनात येईल ते सांगत सुटले. दाणे थांबले. अक्कांनी श्वास रोखून ऐकलं. पलीकडे पेपरचं पान उलटल्याचा आवाज आला आणि माझा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा मास्तरांसमोर उभी.

"रक्त नको, शृंगारही नको," मी म्हटलं.

मास्तर खुर्चीत मागे रेलले. "बाई, मग भुतानं करायचं तरी काय?"

"नुसतं उभं राहिलं तरी चालेल," मी म्हटलं.

मास्तर असे हसले की त्यांना ठसका लागला. पण माणूस भला. त्यांनी दोन्ही कपाटं उपसली आणि तसली चार पुस्तकं मला शोधून दिली. एकात रोज संध्याकाळी एक खुर्ची खिडकीकडे वळलेली सापडे. दुसऱ्यात मेलेल्या माणसाच्या नावानं आलेलं पत्र होतं. अक्कांची आवड फार पक्की होती. "मेलेला दिसला की भीती संपली," त्या म्हणत. "दार स्वल्प उघडं दिसलं पाहिजे. बस्स."

चार पुस्तकं किती दिवस पुरणार? ती संपली. कपाटात उरल्या होत्या त्या कुऱ्हाडी आणि ओलेत्या बायका. नवी ट्रंक यायला तीन महिने होते. मग मी निर्लज्जपणे कुठलंही पुस्तक आणायला लागले, ते मांडीवर उघडायची, ओळींवरून बोट फिरवायची आणि गोष्ट डोक्यातून सांगायची. मधूनच एखादं पान उलटायचं. एकदा तर मांडीवर शिवणकामाचं पुस्तक होतं.

मला हे आवडत होतं, हे कबूल करते. पण मन रोज खातही होतं. ज्या बाईनं इतक्या दिवसांनी मला जवळ बसवलं, तिला मी धडधडीत फसवत होते. उघडकीला आलं तर ती पुन्हा म्हणून माझं तोंड बघणार नाही, असं मला वाटे. त्यातच त्या दिवसांत माझी तब्येत बरी नव्हती. सकाळी कॉफीचं डिकॉक्शन उतरवताना वास सोसेना, तोंड फिरवून उभी राहायची. थंडी बाधली असेल म्हणून मी कुणाला काही बोलले नाही.

आणि एका दुपारी मी ठिपक्यांची गोष्ट सांगितली. पुण्यातलं एक जोडपं नव्या घरात राहायला येतं. बाई रोज सकाळी रांगोळी काढते आणि खाली दोन ठिपके देते.

"पुण्यात पण देतात ठिपके?" अक्कांनी विचारलं.

"देतात ना," मी पानावरून नजर न उचलता म्हटलं.

एके दिवशी ठिपके तीन होतात. बाई एक पुसते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीन. ती खिडकीआड लपून पाळत ठेवते. कुणी येत नाही, कुणी जात नाही, आणि ठिपके तीनच. दूधवाला तीन माणसांचं दूध घालतो, आणि पिणारी दोघंच असून संध्याकाळी पातेलं रिकामं. शेवटी ती बाई चुलीवर हुळी ठेवते, मागे न बघता उभी राहते आणि हळूच विचारते, "आणखी किती दिवस राहणार आहेस?" आणि तिच्या पाठीमागे ताट मांडल्याचा आवाज होतो.

इथं मी पुस्तक मिटलं, कारण पुढे काय ते मलाच माहीत नव्हतं. अक्कांच्या बोटांत दाणा तसाच होता.

"पुढे?"

"उद्या," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुधाचं पातेलं ठेवायला दारात गेले. अक्का रांगोळी काढून आत गेल्या होत्या. सहज पायरीकडे बघितलं. पाच ठिपके. अण्णा, अक्का, हे, मी. पुन्हा मोजले. पाच. तेवढ्यात दूधवाला आला, त्यानंही वाकून बघितलं आणि कानडीत विचारलं, "नेंटरु बंदिद्दारा?" पाहुणे आलेत का म्हणून. मी "अक्का!" म्हणून अशी ओरडले की समोरच्या घरातलं माणूस बाहेर आलं.

अक्का पदराला हात पुसत आल्या, आणि हसत होत्या. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होत्या. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं.

"आपल्याच गोष्टीला घाबरतेस होय गं?"

"माझी कुठली? पुस्तकातली आहे."

"पुस्तकातली? मग ती पुण्याची बाई हुळी कधीपासून करायला लागली?"

मी तोंडावर हात ठेवला. इतके महिने जो शब्द ओठांवर येऊ दिला नव्हता, तो मी आपणहून त्या बाईच्या चुलीवर चढवला होता.

"आणि आपल्या घरचे ठिपके छापायला पुण्याला कोण गेलं होतं?"

"अक्का, चुकलं माझं," मी म्हटलं. आवाज रडवेला झाला. "तुम्हाला कधी कळलं?"

"यक्षिणीला शाल पांघरलीस तेव्हाच. वैशाखात शाल कोण घेतं?"

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर तू सांगायची थांबली असतीस."

मला रडू आलं आणि हसूही आलं. दूधवाला माप हातात धरून एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होता. "पण मला घाबरवायला पाचवा ठिपका कशाला दिलात?" मी डोळे पुसत म्हटलं.

"घाबरवायला?" अक्का जवळ आल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "पंधरा दिवस झाले, कॉफी उतरवताना तोंड फिरवतेस. तुला मोजता येत नसेल, मला येतं."

मी पुन्हा पायरीकडे बघितलं. पाचवा ठिपका बाकीच्यांहून बारीक होता आणि माझ्या ठिपक्याला अगदी लागून दिलेला होता. माझा ठिपका अक्कांच्या ठिपक्याला लागून होता. तो आधीपासूनच तिथे होता की त्या दिवशी तिथे आला, हे मी त्यांना कधी विचारलं नाही.

अक्का दूधवाल्याकडे वळल्या आणि म्हणाल्या की पाहुणे नाहीत, पण आजपासून पावशेर जास्त. ते जास्तीचं दूध संध्याकाळी त्यांनी पेल्यात ओतून माझ्या हातात दिलं, परात पुढ्यात ओढली आणि म्हणाल्या, "पुस्तक राहू दे आत. ताट मांडलं, पुढे काय झालं ते सांग."