गुळाची खळ

“आवं तात्या, बैल आवरा!” माझा जोडीदार दादू ओरडत होता.

आज नातीनं खळ शिजवली आणि त्या वासासरशी मी थेट सांगलीच्या कॉलेजच्या मैदानावर गेलो. लढाईमुळं सरस मिळेना, म्हणून आमच्या मॉडेल विमानाच्या बांबूंना आम्ही गूळ घातलेल्या खळीनं कागद चिकटवला होता. हत्तींनी ओढला तरी सुटला नसता. तीन महिन्यांच्या जागरणाचा शीण अजून माझ्या हाडांत आहे. स्पर्धेत आमची पाळी पुकारली, तेवढ्यात मैदानावर तात्यांचा रोलर ओढणाऱ्या बैलानं डावा पंख चाटूनपुसून खाल्ला.

तेव्हा मी कृष्णेला पूर येईल इतका रडलो. आता वाटतं, आमच्या कामाचं चीज त्या बैलानंच केलं.

“आता आमी काय उडवायचं?” दादूनं विचारलं.

तात्यांनी कासरा आवळला. “एक पंख हाय की.”