आक्कांचा माळा

आमच्या आक्कांइतकं मोठ्यानं बोलणारं आणि तरीही एका गोष्टीबद्दल त्यांच्याइतकं गप्प राहिलेलं माणूस अख्ख्या नाशिक जिल्ह्यात सापडायचं नाही. आक्का म्हणजे माझी थोरली नणंद. पेठ तालुक्यातल्या शाळेत तीस वर्षं बाई होत्या. त्यांनी वर्गात पाढा सुरू केला, की पलीकडच्या उतारावर नागली लावणाऱ्या बाया पुढचा आकडा म्हणत, असं त्याच सांगायच्या, आणि मला ते खोटं वाटत नाही. त्यांचा फोन आला की आमच्याकडे स्पीकर लावावा लागत नसे. मी आत स्वयंपाकघरात बोलत असले तरी बाहेर पेपर वाचत बसलेले हे मधूनच सल्ला देत, "तिला म्हणावं, रात्रीची काकडी खात जाऊ नकोस." मी मात्र आयुष्यभर सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळलेली बाई. घरी माझी नुसतीच आवक. जे आत आलं ते बाहेर गेलं नाही.

आक्का अंगानं भरभक्कम. साठीला तीनचार वर्षं कमी असताना एक दिवस त्यांनी ठरवलं, वजन उतरवायचं. त्यासाठीचा त्यांचा काटा जगावेगळा होता. घरातल्या काट्यावर त्यांचा विश्वास नव्हता. "तो पायानं दाबला की दबतो, त्याला काय कळतंय," म्हणायच्या. दर महिन्याला एसटीनं कळवणला आपल्या दिरांच्या मळ्यात जायच्या आणि टोमॅटोची कॅरेट तोलण्याच्या काट्यावर, चपला काढून, देवासमोर उभं राहिल्यासारख्या उभ्या राहायच्या. एक कॅरेट म्हणजे वीस किलो, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. सुरुवातीला आक्का सहा कॅरेटला दोन किलो कमी भरल्या. मग मिसळ सुटली. सुटली म्हणजे काय, रविवारी आमच्याबरोबर मिसळीला यायच्या, पापड मागवायच्या आणि आमच्या वाटीवर वाकून दीर्घ श्वास घ्यायच्या. "मी वासावर आहे सध्या," वेटरला सांगायच्या. पहाटे नाशिकच्या गोल्फ क्लबच्या मैदानावर फेऱ्या. दीड वर्षात दोन कॅरेट उतरली. शेवटी काट्यावरचा म्हातारा सालदार म्हणाला, "आक्का, काटा बरोबर शे, तुम्हीच कमी व्हयनात." हे वाक्य त्यांनी आम्हा सगळ्यांना फोन करून ऐकवलं. दोनदा.

पण एक गोष्ट उतरली नाही. आज या वयाला मी तो शब्द सरळ लिहिते, स्तन. बाकी अंग ओसरलं आणि ते होते तिथेच, होते तेवढेच, उलट आता जास्तच जड वाटायला लागले. चालताना पाठ धरायची, खाली घामोळं उठायचं, मानेतून कळ यायची. शाळेत तीस वर्षं त्या हजेरीपट छातीशी कवटाळून वर्गात फिरल्या. मुलांना वाटायचं, बाईंचा हजेरीपट साडीलाच शिवलेला आहे. मैदानावर हजेरीपट नव्हता म्हणून पर्स कवटाळून चालायच्या. लोकांना वाटे, चोरांना भितात. हे मला त्यांनी मैदानाच्या कडेच्या बाकावर सांगितलं ते कुजबुजत. आक्का कुजबुजू शकतात हे मला तोवर माहीत नव्हतं. पण कुजबुज त्यांना जमेना. मग त्यांनीच शब्द शोधला. "वहिनी, खालचे मजले रिकामे झाले गं, पण माळ्यावरचं सामान काही हलेना!" शब्द बदलला आणि आवाज परत आला. पुढच्या बाकावरचे दोन आजोबा सहानुभूतीनं म्हणाले, "जुन्या घरात असंच होतं."

तेव्हापासून आमच्यात 'माळा' चालू झाला. आक्का एकट्याच एका डॉक्टरीणबाईंना भेटून आल्या. ऑपरेशननं कमी करता येतं, पण वजन सहा महिने एका जागी थांबू दे, मग करू, असं त्या बाईंनी सांगितलं. "आणि काय म्हणाल्या माहितीये? हे दुखणं आहे, नटणं नाही." आक्का हे वाक्यसुद्धा सालदाराच्या वाक्यासारखंच दोनदा म्हणाल्या, पण या वेळी माझ्याकडे बघत, मी काही म्हणते का याची वाट पाहत. "तुला काय वाटतं? करू का?"

मला काय वाटत होतं ते खरं सांगते. आमच्या घरात बारीक, टापटीप सून म्हणून माझं नाव होतं. तेवढं एकच नाव होतं. आक्का उतरायला लागल्यापासून लग्नाकार्यात बायका त्यांच्याभोवती जमायच्या आणि मी वाढायला उभी असायचे. म्हणून की काय, पण तोंडून गेलं, "या वयात कशाला आक्का? आणखी एक कॅरेट उतरलं की ते आपोआप होईल." नुसत्या चालण्यानं होणार नाही, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितल्याचं त्या दोन मिनिटांपूर्वीच बोलल्या होत्या. तरी त्यांनी माझं ऐकलं. आणखी चार महिने त्या पर्स कवटाळून फेऱ्या मारत राहिल्या. माळ्यावरचं काही हललं नाही.

मग एका शनिवारी फोन आला. "वहिनी! माळा उतरवायचं पक्कं केलं! सोमवारी अकराला ये, तू बरोबर हवीस!" बाहेरच्या खोलीत पेपर खाली आला. "आक्काच्या माळ्याला काय झालं?" ह्यांनी विचारलं. मी म्हटलं, "जुना झालाय. त्रास होतोय त्यांना." यात खोटं काही नव्हतं. मला वाटलं, विषय संपला.

रविवारी सकाळी हे म्हणाले, "चल, इंदिरानगरला आक्काकडे जाऊन येऊ." गाडीत पुढच्या सीटवर एक गवंडी बसलेला, पायाशी घण आणि घमेलं. "ती कुणालातरी बोलावणार आणि फसणार," हे म्हणाले, "दाजी गेल्यापासून एकटी आहे. भाऊ कशाला असतो?" सिडकोपासून इंदिरानगरपर्यंत मला बोलायला वेळ होता. सिग्नलसुद्धा लाल होता. मी खिडकीतून बाहेर पाहत होते.

आक्कांनी दार उघडलं. "आक्का, तुझा माळा उतरवायला आलोय!" हे उत्साहानं म्हणाले. आक्कांनी आधी घणाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी दारातल्या चपला सरळ करत होते. एक शब्द बोलले असते तर पुरे होतं. तो त्यांच्या भावासमोर त्यांना उच्चारता येणार नव्हता, म्हणून तो माझा होता. आक्का पाढा म्हणायच्या आवाजात म्हणाल्या, "ये बाबा, ये! चहा घे आधी!"

स्वयंपाकघरातला माळा चांगला सिमेंटचा, शाबूत. पितळी भांडी, आकाशकंदील, दाजींची ट्रंक, सगळं खाली आलं. गवंडी वर थापटून म्हणाला, "बाई, लय मजबूत हाय हा. कशाला पाडता?" आक्का म्हणाल्या, "जड झालाय रे दादा. भिंतीचे खांदे दुखतात." हे खो खो हसले. आक्काही हसल्या, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं. मी चहाचा ट्रे धरून उभी होते. मग घण पडायला लागला.

सोमवारी सकाळी नऊला मीच फोन केला. म्हटलं, घरभर पसारा पडलाय तुमच्याकडे, तो आधी लावू, डॉक्टरांकडे पुढच्या सोमवारी जाऊ. आक्का "बरं" म्हणाल्या. बाहेरून ह्यांनी विचारलं, "कुणाचा फोन होता?" इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आक्कांचं बोलणं त्यांना ऐकू गेलं नव्हतं.

पुढचा सोमवार आला नाही. त्यांनी विचारलं नाही, मीही आठवण दिली नाही. मैदानावर जाणं कमी झालं, मग थांबलं. निवृत्तीनंतर त्या कळवणला राहायला गेल्या. एक कॅरेट परत आलं. "परतीचा माल," त्या म्हणाल्या. हे मात्र अजून पाहुण्यांना सांगतात, आक्काचा माळा मी एका दिवसात उतरवून दिला. हा कागद पहिल्यांदा ह्यांनाच वाचायला देणार आहे.

गेल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आम्ही कळवणला गेलो होतो. दुपारी आक्कांची मान आखडली म्हणून मी तेल लावायला बसले. पदर बाजूला करून ब्लाउज खांद्यांवरून सरकवला तर दोन्ही खांद्यांवर आतल्या कपड्याच्या पट्ट्यांनी पडलेल्या खाचा. माझं अख्खं बोट आडवं मावलं त्यात. इतक्या वर्षांची नणंद, आणि तिचे खांदे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. मी म्हटलं, "आक्का, अजून करता येईल. छातीचं ऑपरेशन. मी येते तुमच्याबरोबर. ह्यांना मी सांगते."

शब्द ऐकून त्यांची पाठ ताठ झाली. मग हळूच, त्या बाकावरच्या आवाजात म्हणाल्या, "हे तेव्हा दारात म्हणाली असतीस ना, तर मी त्या गवंड्याला चहा पाजून परत पाठवला असता गं."

बाहेर ओट्यावरून ह्यांनी विचारलं, "काय म्हणतेय आक्का?"

"काही नाही रे," आक्का ओरडल्या, "तेल जरा जोरात चोळ म्हणते हिला!" आणि माझा हात त्यांनी त्या खाचेवर तसाच दाबून धरला.