नागलीचे हत्ती

माझी मोठी काकू मला कधी आवडली नाही. ती गेली तेव्हा मी रडले नाही, आणि आज तिच्याविषयी लिहायला बसले आहे तेही तिचे गोडवे गाण्यासाठी नाही. आमच्या नाशकातल्या घरी स्वयंपाकघर तिच्या ताब्यात होतं. माझी आई धाकटी जाऊ, म्हणून ती काकूच्या हाताखाली. काकूला स्वतःचं मूल नव्हतं, त्यामुळे मी आणि माझा धाकटा भाऊ आयतेच तिच्या तावडीत सापडलो होतो.

तीस सालानंतरचे ते दिवस. काका कचेरीतल्या कुणाकडून तरी एक मासिक वाचायला आणायचे. दुपारी काकू ते ओळीखाली बोट ठेवून वाचायची. त्यात मुलांच्या आहारावर लेख असत, आणि 'जीवनसत्त्व' हा शब्द तेव्हा नुकताच छापून येऊ लागला होता. काकूला तो शब्द सापडला आणि आमचं नशीब फुटलं. घरातली साखर गेली, गूळ आला. चहा गेला, नागलीची, म्हणजे नाचणीची, आंबील आली. मटकीला मोड, मुगाला मोड, हरभऱ्याला मोड. खुंट्यांवर ओल्या फडक्यांची गाठोडी लटकलेली. थालीपिठात शेवग्याचा पाला. आणि हे सगळं आम्ही हसतखेळत खावं अशी तिची अपेक्षा. भाकरीला ती तिळाचे डोळे लावायची, मुळ्याचं नाक बसवायची, आणि ताट पुढे सरकवून आमच्या तोंडाकडे बघत बसायची. भाकरीला डोळे लावले म्हणून ती काही कमी कोरडी होत नाही. उलट आपण खातोय आणि ती बघतेय, असं वाटून घास घशात अडकायचा.

खेळण्यांचंही तेच. गंगेवरच्या, म्हणजे गोदावरीकाठच्या, बाजारात रंगीत लाकडी बाहुल्या मिळायच्या, पण त्यांना ती हात लावू द्यायची नाही. सगळं घरीच करायचं. ज्वारीच्या धाटांच्या गाड्या, चिंध्यांच्या बाहुल्या, आणि कागदाच्या लगद्याचं काहीबाही. जुनी वर्तमानपत्रं भिजवायची, कुटायची, त्यात मेथ्या वाटून घालायच्या म्हणजे कीड लागत नाही, आणि त्या लगद्याच्या टोपल्या थापायच्या, हे तेव्हा घरोघरी चालायचं. काकूने त्या लगद्याचा भोंडल्यासाठी हत्ती केला. माझ्या भावाने त्याची सोंड चाटून पाहिली आणि थुंकला. आमच्या घरचा हत्तीसुद्धा कडू होता.

भोंडल्यावरूनच पुढचं सगळं झालं. घटस्थापनेपासून दसऱ्यापर्यंत आळीतल्या आम्ही दहा-बारा मुली रोज संध्याकाळी एकेकीच्या अंगणात जमायचो. मधे पाटावर हत्ती मांडायचा, भोवती फेर धरून गाणी म्हणायची, आणि गाणी संपली की खिरापत. ती मात्र सरळ हातावर पडत नाही. ज्या घरी भोंडला त्या घरची बाई झाकलेला डबा घेऊन येते, डबा हलवून दाखवते, आणि आत काय आहे ते मुलींनी ओळखायचं. तिखट का गोड, भाजलेलं का तळलेलं, असं विचारत विचारत नावं घ्यायची. ओळखता आलं नाही तर मुली हरल्या.

वकिलांची मुलगी आमची म्होरकी. डबा एकदा खुळखुळला की ती सांगायची, चिवडा, नाहीतर शंकरपाळी, नाहीतर फुटाणे. तिचा अंदाज चुकत नसे आणि ती ते विसरू देत नसे. ती हरली ती एकदाच, आमच्या घरी. काकूने शेवग्याच्या पाल्याच्या वड्या केल्या होत्या. मुलींनी तीस-चाळीस नावं घेतली. काकू दर नावाला मान हलवून "नाही" म्हणत होती, आणि तिचा चेहरा असा उजळलेला मी तोवर पाहिला नव्हता. शेवटी मुली थकल्या. झाकण उघडलं, हिरव्या वड्या निघाल्या. मुलींनी हातावर घेतल्या, बऱ्या आहेत म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मला त्यातल्या सात वड्या कोपऱ्यावरच्या गोठ्यापाशी पडलेल्या दिसल्या. गाईनेही खाल्ल्या नव्हत्या.

त्या दिवसापासून आळीत माझं नाव 'पाला' पडलं. पाला आली, पाल्याला राज्य द्या, पाल्याला विचारा आज घरी काय चरली. वर्षभर हे चाललं. मी घरी येऊन आईला सांगितलं तर आई म्हणाली, काकूंना कळू देऊ नकोस, त्यांना वाईट वाटेल. म्हणजे वाईट वाटण्याचा हक्कसुद्धा काकूचाच. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

पुढच्या वर्षी भाद्रपद लागला तशी वकिलांच्या मुलीने सांगून टाकलं की यंदा फेर सगळ्यांच्या घरी धरायचा, पाल्याचं घर वगळून. मला रडू येत होतं, पण तिच्यासमोर रडायचं नाही एवढा हट्ट होता. तुम्ही आला नाहीत तर आळीत मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही, असं मी तिला म्हणाले. तिने जरा विचार केला आणि अट घातली. आम्ही येऊ, पण खिरापत काय आहे ते तू मला आधी सांगायचं. दुसऱ्यांदा हरायची तिची तयारी नव्हती. मी कबूल झाले. आळीत मला परत माणसात घ्यावं, एवढंच मला हवं होतं.

इकडे काकूचा पूर्ण महिना तयारीत चालला होता. पितळी डबा खुळखुळतो आणि आवाजावरून मुली ओळखतात, हे तिने मनाशी धरलं होतं. म्हणून तिने लगद्याचा डबा करायला घेतला. एका उपड्या घागरीवर कागद-मेथ्यांचा लगदा थापला, चार दिवस उन्हात वाळवला, आतून बाहेरून घोटला, झाकण बेतून केलं. वर गेरूचा हात दिला आणि झाकणावर चुन्याने हत्ती काढला. मग त्यात खडे घालून तिने तो माझ्या कानाशी हलवला. नुसता धप् धप् असा मुका आवाज. "आता ओळखा म्हणावं," ती म्हणाली. इतक्या मोठ्या बाईला पोरींना हरवण्याची एवढी हौस असावी, याचीच मला तेव्हा चीड आली.

नागली आमच्याकडे पेठ तालुक्याच्या बाजूची एक बाई डोक्यावर पाटी घेऊन आणून द्यायची. "डोंगरातली हाय बाई, लय ताकदीची," असं ती दरवेळी म्हणायची आणि काकू दरवेळी मान डोलवायची. आळीतल्या इतर घरांत नागली हे डोंगरातल्या लोकांचं खाणं होतं, आणि काकूने खिरापतीला तीच निवडली. भोंडल्याच्या आदल्या दिवशी दुपारी तिने मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि दार लोटून घेतलं. नागलीचं पीठ तुपावर खमंग भाजलेलं होतं. त्यात गुळाचा पाक, भाजलेले तीळ, वेलदोडा. कोमट असताना त्या गोळ्याचे ती हत्ती करत होती, अंगठ्याएवढे. मला तिने सोंडा वळायला दिल्या. माझ्या सोंडा मोडत होत्या. ती रागावली नाही, बोट तुपात बुडवून परत जोडत गेली. मग दोघींनी मिळून त्यांना डोळे लावले, एकेका हत्तीला दोन पांढरे तीळ.

"तुला आणि मलाच ठाऊक," ती म्हणाली. "तुझ्या आईलासुद्धा सांगितलं नाही."

मग तिने एक हत्ती माझ्या तोंडात घातला. तो चांगला लागला. फारच चांगला लागला, आणि त्याचा मला राग आला. वर्षभर पाला म्हणवून घ्यायला लावलं आणि आता हे. मी तोंड पुसलं, मागच्या दाराने बाहेर पडले आणि तडक वकिलांच्या घरी गेले. त्यांची मुलगी झोपाळ्यावर बसली होती. मी तिला सगळं सांगितलं. नागलीचे, हत्तीचे आकार, गुळातले. तिळाचे डोळेसुद्धा सांगितले. ते सांगायची गरज नव्हती, पण मी सांगितले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अंगण भरलं. लगद्याचा हत्ती पाटावर, भोवती फेर, सगळी गाणी झाली. काकू नवं लुगडं नेसून दारात आली, डबा दोन्ही हातांनी छातीशी धरलेला. तिने तो उचलून हलवला. धप् धप्. मुली एकमेकींकडे बघू लागल्या. काकू हसली आणि म्हणाली की घाई नाही, सावकाश ओळखा, आज दिवे लागले तरी चालेल.

वकिलांच्या मुलीने डब्याकडे पाहिलंही नाही.

"नागलीचे हत्ती," ती म्हणाली. "तिळाचे डोळे लावलेले."

काकूने तिच्याकडे बघितलं नाही. तिने माझ्याकडे बघितलं. मी पाटावरच्या हत्तीकडे बघत राहिले. मग "बरोबर" म्हणून तिने झाकण काढलं आणि प्रत्येकीच्या हातावर एकेक हत्ती ठेवला. मुलींनी ते मिटक्या मारत खाल्ले. आणखी मागितले. डबा रिकामा झाला, तरी दोघी-तिघी बोटं फिरवून तळाचे तीळ वेचत होत्या. एकही हत्ती गोठ्याकडे गेला नाही. मला 'पाला' म्हणणं त्याच संध्याकाळी थांबलं आणि घरी जाताना वकिलांच्या मुलीने माझ्या गळ्यात हात टाकला. मला जे हवं होतं ते सगळं मिळालं.

काकू मला एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर मी उलट बोलले असते, तेवढं माझ्याजवळ तयार होतं. पाल्याच्या वड्यांचं बोलले असते, वर्षभराचं बोलले असते. तिने ती संधीच दिली नाही. आंबील होती, मोड होते, शेवगा होता, सगळं पूर्वीसारखं चालू राहिलं. फक्त भाकरीचे डोळे गेले. माझ्या भावाने एकदा विचारलं, तर तिला आता बारीक दिसत नाही असं तिने सांगितलं. मासिक मात्र ती रोज दुपारी वाचत होती. लगद्याच्या डब्यात ती पुढे समईच्या वाती ठेवू लागली.

तिसऱ्या वर्षी आमच्या घरच्या भोंडल्याला सगळ्या मुली न बोलावता आल्या. गेल्या वर्षीच्या खिरापतीची त्यांना आठवण होती. वाटेतच नावं घ्यायला सुरुवात झाली होती, कुणी मोर म्हणत होती, कुणी मासे. गाणी कशीबशी उरकली. काकू बाहेर आली ती हातात उघडं ताट घेऊन. ताटात किसलेलं खोबरं आणि पांढरी साखर, आमच्या घरात कित्येक वर्षांत न आलेली.

मुली हिरमुसल्या. वकिलांची मुलगी म्हणाली, "काकू, झाकण? आम्ही ओळखायचं काय?"

"ओळखायचं काय त्यात," काकू म्हणाली. "दिसतंय की."

मग तिने सगळ्यांच्या आधी माझा हात ओढून त्यावर मूठभर खोबरं-साखर ठेवली. "घे," ती म्हणाली. "तुला हेच हवं होतं ना?"

सगळ्याजणी बघत होत्या, म्हणून मी ते तिथेच उभ्याउभ्या खाल्लं.