सहा महिने फक्त आईचं दूध

वसईहून निघताना आयने माझ्या छातीला मोगरा बांधला होता, आमच्याच वाडीतला, सकाळी तोडलेला. दूध आटवायला आमच्याकडे फुलं बांधतात. मुलगी साडेतीन महिन्यांची, रजा संपलेली. नवऱ्याचा कारखाना बंद पडला होता आणि घर माझ्या मस्कतच्या नोकरीवर चाललं होतं. रिक्षा दारात उभी राहिली तेव्हा आय म्हणाली, "मागे वळून बघू नको गो बाय. बघशील तर दूध परत उतरेल." मी वळून बघितलं नाही. दूध विमानातच उतरलं, आणि शेजारच्या माणसाला दिसू नये म्हणून मी मस्कतपर्यंत पांघरूण गळ्याशी धरून बसले.

हे सत्त्याण्णव सालचं. मस्कतच्या दार्सैत भागात तीन केरळी नर्सेसबरोबर मी खोली घेतली होती. प्रसूती वॉर्डातलं माझं काम म्हणजे बाळंतिणींना समजावणं : सहा महिने फक्त आईचं दूध. पाणी नको, मध नको, आपल्या बायकांना सांगायचं की गुटीसुद्धा नको. हे वाक्य मी अरबीत, हिंदीत, इंग्लिशमध्ये आणि मोडक्या मल्याळीत रोज इतक्यांदा म्हटलंय की झोपेतून उठवलं तरी म्हणेन. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण असं म्हणतात. मी तर कोरडीही नव्हते. दुसऱ्याचं बाळ रडलं की माझा युनिफॉर्म भिजायचा. मग बाथरूममध्ये जाऊन दूध पिळून बेसिनमध्ये सोडायचं, अ‍ॅप्रन चढवायचा आणि पुढच्या खाटेपाशी जायचं.

म्हणूनच असेल, बाटलीवर माझा फार राग. कुणी पावडरचा डबा आणला की मी तो उचलून कपाटावर ठेवून द्यायची. "बाटली म्हणजे विष" असं मी एका सासूला तिच्या सुनेदेखत ऐकवलं होतं. माझी मुलगी तिकडे आयजवळ बाटलीवरच वाढत होती, हे वॉर्डात कुणालाच ठाऊक नव्हतं. मी ते कधी सांगितलंच नाही. लाज वाटायची.

पाच-सहा वर्षांनी त्याच सासूची धाकटी सून आमच्याकडे बाळंत झाली. तिला मी इथे झुवैना म्हणते. तिच्या रक्तात एचआयव्ही होता. हे फक्त तिला, तिच्या नवऱ्याला आणि आम्हा स्टाफला माहीत होतं. तिच्यासाठी डॉक्टरांनी वरचं दूध ठरवलं. झुवैना रडली नाही. तिने मला जवळ बोलावून विचारलं, "सिस्टर, चाळीस दिवस बायका मला भेटायला येणार. बाटली बघितली की विचारतील. त्यांच्यासमोर तेवढं अंगावर पाजू? बाकी बाटली?"

दोन्ही मिळून पाजणं हेच सगळ्यांत वाईट. ती ज्या बाळाला वाचवू बघत होती, त्यालाच त्याने सगळ्यात जास्त धोका होता. वरच्या दुधाने बाळाच्या नाजूक आतड्यांना त्रास होतो आणि मग अंगावरच्या दुधातून रोगाला वाट मिळते. मी तिला म्हटलं, "एकच. दोन्ही नाही. एकदासुद्धा नाही." आणि इतकी वर्षं बाटल्या हिसकावून घेणारी मी, तिला बाटली उकळायला शिकवू लागले.

संध्याकाळच्या भेटीच्या वेळी सासू आली. झुवैनाने दूध सुटलं नाही म्हटल्यावर ती म्हणाली, "लाव त्याला छातीला, मी बघते." झुवैनाने माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, हिला औषधं चालू आहेत, या दुधाने बाळाला बाधेल. हे खोटं नव्हतं, पण म्हातारी खमकी. "तूच ना ती? माझ्या मोठ्या सुनेच्या बाटलीला विष म्हणाली होतीस? आता धाकटीच्या बाळाला विष चालतं?" आजूबाजूच्या खाटांवरच्या बायका ऐकू लागल्या. अजून दोन प्रश्न, आणि औषध कसलं ते निघालंच असतं.

मी म्हटलं, "अम्मा, माझी स्वतःची मुलगी साडेतीन महिन्यांची असल्यापासून बाटलीवर वाढली. मी तिला सोडून इथे आले. आता शाळेत जाते. ठणठणीत आहे."

इतक्या वर्षांत हे मी पहिल्यांदाच तोंडातून काढलं होतं. म्हातारीने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग माझा हात धरून "मिस्कीना, मिस्कीना" म्हणाली, म्हणजे बिचारी. माझ्या हातातली बाटली घेऊन ती खुर्चीत बसली आणि नातवाला तिने स्वतः दूध पाजलं. पुढे चाळीस दिवस ती बाटली सासूच्याच हातात होती, त्यामुळे झुवैनाला कुणी काही विचारलं नाही.

मुलगा दीड वर्षाचा झाला तेव्हा त्याची शेवटची तपासणी स्वच्छ आली. झुवैना सांगायला आली आणि कॉरिडॉरमध्ये माझ्या गळ्यात पडली.

त्या शुक्रवारी मी आयला फोन लावला. इतकी वर्षं विचारायचं धाडस झालं नव्हतं ते विचारलं, "आय, मी गेल्यावर पोर बाटली घ्यायची का गो?"

"पहिल्यांदा नाय घेतली. दोन दिवस उपाशी होती. मग तुझा न धुतलेला गाऊन होता ना, तो मी अंगात घातला. तेव्हा तोंड लावलं."

"मग?"

"मग काय. वास होता तोवर घातला. महिनाभर होता."

"आणि मग?"

"मग तिला माझ्या वासाची सवय झाली," आय म्हणाली.

आता मी मस्कतमध्येच बौशरला राहते, नवराही इकडेच आहे, मुलगी कॉलेजला वसईत. मस्कतमध्ये राहून गेलेल्या आणि वसईत मागे राहिलेल्या तुम्ही सगळ्या मैत्रिणी विचारता, परत घरी कधी येणार? दमले आहे, येईन. पण घर म्हणजे काय, असं कुणी विचारलं, तर मला तो गाऊनचा महिना आठवतो. त्या घरात मी नसतानाही महिनाभर होते. त्यानंतर मी तिथे पाहुणी म्हणूनच गेले आहे.