मुकं पोकलेन

गुंडा मिस्त्रीला इंजिनाचा आजार कानानं कळायचा. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची नि डोळे मिटायचे. "तीन नंबरचा इंजेक्टर," म्हणायचा, आणि खोललं की तीन नंबरचाच निघायचा. पलटणीत सतरा वर्षं ट्रकांची इंजिनं खोलून आलेला गडी. शिरवळला हायवेलगत पत्र्याचं गॅरेज टाकलं होतं. सातारा-सांगलीत कुठं डोजर अडला, क्रेन बसली, की त्याला न्यायला जीप यायची. स्वभाव मात्र फटकळ. कामात कुणी मध्ये बोट घातलं की पलटणीतलं हिंदी सुरू. "हात मत लगाना!" म्हणत मालकाच्याही हातावर फटका द्यायला कमी करायचा नाही.

असला माणूस नव्व्याण्णवच्या मे महिन्यात जतच्या माळावर डोक्याला हात लावून बसला. वैऱ्यावरसुद्धा अशी वेळ येऊ नये.

त्याची धाकटी बहीण रंगूबाई जत तालुक्यात दिलेली. गावाला पाणी टँकरचं. घरटी दोन हंडे, तेही टँकर आला तर. वरच्या अंगाला ओढ्यात तळं खणलं, तर खालच्या विहिरीला पाझर लागेल, हे गावातलं शेंबडं पोरही सांगत होतं. पण वीतभर मातीखाली कडक मुरूम. कुदळीनं खणणार कोण? तीन वर्षं रंगूबाई भाऊबिजेला ओवाळायची, साडीची पिशवी परत सरकवायची नि म्हणायची, "दादा, मला लुगडं नगं. चार दिस मशीन आणून दे."

आणि त्या साली जमलं. साताऱ्याच्या भाऊसो ठेकेदारानं सेकंडहँड जपानी पोकलेन घेतलं होतं. ते ट्रेलरवरून विजापूरकडं निघालं होतं, जत वाटेवरच. मिस्त्रीच्या शब्दाखातर भाऊसो म्हणाला, "चार दिवस घे. पाचव्या दिवशी सकाळी ट्रेलर येणार. मग अर्धा तास जास्त मागायचा नाही." मिस्त्रीनं बहिणीला निरोप धाडला. झालं, तळं झाल्यातच जमा!

मशीन माळावर उतरलं. रस्त्याच्या धक्क्यांनी काही सुटलं नाही ना, म्हणून मिस्त्रीनं सीटमागचं झाकण काढलं. आत जेवणाच्या डब्याएवढी पेटी आणि तारांचा पुंजका. बघतोय तोवर हलगी वाजायला लागली. गावात पहिल्यांदा आलेल्या मशीनचे पाय धुवायचे, नारळ फोडायचा, तेव्हा कुठं कामाला लावायचं, ही त्या माळावरची रीत. रंगूबाईनं त्यासाठी दोन दिवस अंघोळ टाळून कळशीभर पाणी राखलं होतं. "भाऊ वर बसलाय, पूजा बी वरच करू द्या," म्हणत तिनं तांब्या वर दिला. आपला मिस्त्री एरवी कुणाला बोट लावू देईल? पण बहिणीच्या डोळ्यांत पाणी बघितलं नि गडी विरघळला. तांब्या सीटवर शिंपडला, हळदीकुंकू वाहिलं आणि सीटशेजारच्या दांडक्यावर नारळ असा दणकून फोडला, की पाणी चहूकडं उडालं. मग आनंदाच्या भरात झाकण लावून टाकलं. आत वाकून बघितलं नाही.

दुपारपर्यंत मशीननं मुरूम लोण्यासारखा काढला. बायका कडेला बसून नुसत्या बघत होत्या. दिवस कलला आणि समोरच्या छोट्या टीव्हीसारख्या काचेवर लाल दिवा लागला, पीं-पीं वाजलं, जपानी अक्षरं उमटली. इंजिन आपोआप मंदावलं. बकेट उचलेना.

मिस्त्रीनं स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावला. इंजिन ठणठणीत! परत लावला. परत तेच.

"मिस्त्री, आवं, रोग इंजिनात न्हाई," मशीन चालवणारा अर्जुना म्हणाला. "ह्यात दोन कॉम्पुटर हायती. एक काचंमागं, एक शिटामागं. तारंवरनं एकमेकांशी बोलत्यात. बोलणं तुटलं की मशीन भ्यायलंच म्हणा, ताकद आवरून घेतंय."

"बोलत्यात तर आवाज कुठाय रं त्येंचा?" मिस्त्री खेकसला.



दुसरा दिवस सगळा तारांत गेला. बॅटरी बघितली, फ्यूज बघितले, काचेपासून सीटमागच्या पुंजक्यापर्यंत एकेक तार मीटर लावून तपासली. एकही तुटलेली नाही. तिसऱ्या दिवशी जतला जाऊन एसटीडीवरून पुण्याला पार्टवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, पेटीत बसणाऱ्या जोडाच्या पिना बघा. पेटीच गेली असेल तर जपानहून दोन महिने. दोन महिने! मिस्त्रीच्या हातात उद्याचा एक दिवस होता.

आल्या आल्या त्यानं जोड उपटला. पिना गंजून हिरव्यागार. बोटाला चिकट लागलं. नाकाशी नेलं, तर आंबलेल्या खोबऱ्याचा वास. जोडाखाली पेटीच्या कडेला कुंकवाचा वाळलेला डाग.

दुनियेला हात लावू न देणारा माणूस, आणि घात केला तो त्याच्याच हातानं. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली, की अर्जुनाकडं बघवेना.

"कुणाला सांगू नगंस, गड्या."

"न्हाई सांगत," अर्जुना म्हणाला.

पेट्रोल आणि दात घासायचा ब्रश घेऊन मिस्त्रीनं चौथ्या दिवशी दुपारपर्यंत पिना घासल्या. दोन पिना तर भुगा होऊन हातात आल्या; तिथं तारा थेट डाग देऊन जोडल्या. चावी फिरवली. लाल दिवा विझला! इंजिन गरजलं, बकेट उचललं, आणि बायकांनी असा गलका केला, की चरायला गेलेली मेंढरं बुजली. रंगूबाई तर रडायलाच लागली. चार बकेटं निघाली. पाचवं अधांतरीच थांबलं. पीं-पीं. पेटी उघडली, तर आतली सर्किटची पट्टी काळीठिक्कर पडलेली. त्यानंतर मिस्त्रीनं किती वेळा चावी फिरवली, याची गणतीच नाही.

पाचव्या दिवशी सकाळी ट्रेलर आला. मंदावलेल्या इंजिनावर मशीन रांगत रांगत वर चढलं. मागं राहिला खड्डा, फार तर चार म्हशी बसतील एवढा.

रंगूबाई तांब्या घेऊन आली.

"आमच्या पूजेत काय कमी पडलं का रं, दादा?"

"न्हाई रंगे. माझ्या हातनं बिघडलं. पाणी गेलं आत, नारळाचं, तांब्याचं. म्या उघडं ठिवलं हुतं."

"गप! तांब्याभर पाण्यानं कवा एवढं मोठं मशीन बंद पडतंय व्हय?" ती म्हणाली. तिला ते खरंच पटलं नाही. "भाऊबिजेला परत मागंन मी. आता त्येचं पाय धू नि वाटंला लाव."

तांब्या काठोकाठ भरलेला होता. मिस्त्रीनं दोन बोटं बुडवली, मशीनच्या लोखंडी पट्ट्यावर चार थेंब शिंपडले आणि तांब्या तसाच तिच्या हातात परत दिला.

"ऱ्हायलेलं घरात ने," तो म्हणाला.

तिनं तांब्यावर पदर धरला आणि टँकरच्या रांगेत लावलेल्या आपल्या हंड्यांकडं चालू लागली.