प्लासीदने एकट्याने चढवलेलं छत

समुद्रकाठच्या आमच्या शेतिकां गावातल्या निम्म्या घरांची छतं प्लासीद लाराद आणि त्याचा मेव्हणा इलेर या दोघांनी चढवलेली आहेत. तेहेतीस वर्षं ते जोडीने हेच काम करत होते. जिप्समचा बारा फुटी बोर्ड दोघं दोन टोकांनी उचलायचे, शिडीवर चढायचे, आपापलं टोक डोक्यावर पेलून धरायचे आणि मोकळ्या झालेल्या हाताने स्क्रू मारत सुटायचे. प्लासीद अंगाने रुंद आणि बोलायला कमी. इलेर काडीसारखा, पण त्याचा आवाज रस्त्यापर्यंत यायचा. इलेर मोजायचा, मापं ओरडून सांगायचा आणि स्वतःच कापायचा. प्लासीद उचलायचा आणि ठोकायचा. कोणी काय करायचं हे कधी ठरवावं लागलं असेल असं वाटायचंच नाही.

मग एका हिवाळ्याच्या तोंडावर इलेरच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी सांगितलं की हा हात आता खांद्याच्या वर न्यायचा नाही. छतवाल्याला असं सांगणं म्हणजे घरी बस असंच सांगणं.

त्याच हिवाळ्यात, फेब्रुवारीत, डोंगरावरून मोठा सूएत सुटला. हा वारा आमच्याकडे दर वर्षी येतो, पण त्या वेळी त्याने आमच्या छपराची एक अख्खी बाजू सोलून नेली. छपराची माणसं चार दिवसांत येऊन छप्पर करून गेली, पण मधल्या काळात पाणी आत उतरलं होतं. बैठकीच्या खोलीचं आणि स्वयंपाकघराचं छत फुगलं, आणि एका सकाळी निम्मं खाली आलं. माझा नवरा रेनाल्ड तेव्हा अल्बर्टात खाणीवर होता. गावातली हातात जोर असलेली बहुतेक माणसं तिकडेच होती. मी शाळेची बस चालवते, त्यामुळे मला सुट्टी नाही. मी प्लासीदच्या घरी फोन केला. त्याच्या बायकोने, आन्येसने उचलला.

"येईल तो," ती म्हणाली. "पण एकटाच येईल हं, ओदील."

"अगं, एकट्याने छत कसं व्हायचं?"

"इलेरने त्याला बोर्ड चढवायची लिफ्ट आणून दिलीय. कुणाची तरी जुनी होती. चार महिने शेडमध्ये पडून आहे, हा तिच्याकडे बघत पण नाही. तुझ्याकडे तरी काढतो का बघू."

मार्चच्या पहिल्या सोमवारी तो आला. एकसष्ट वर्षांचा होता तेव्हा. गाडीतून त्याने लिफ्टचे तुकडे एकेक करून आत आणले. चाकं लावलेले तीन पाय, मधला खांब, वर बोर्ड ठेवायचे आडवे हात आणि बाजूला फिरवायचं मोठं चाक. सगळं जोडून झाल्यावर तो दोन पावलं मागे सरकला आणि तिच्याकडे बघत राहिला. परक्या माणसाला घरात घेताना बघावं तसं.

"कॉफी घेणार?" मी विचारलं.

"आधी एक चढवतो."

पहिला बोर्ड त्याने भिंतीला टेकवून उभा केला. एक टोक उचलून लिफ्टच्या आडव्या हातावर टेकवलं, मग फिरून दुसरं. बोर्ड आडवा केला, ढकलत तुळयांखाली नेला आणि चाक फिरवायला लागला. कटकट आवाज करत बोर्ड वर गेला आणि तुळयांना चिकटून थांबला. प्लासीद शिडीवर चढला. सवयीने त्याने मान वाकवून डोकं बोर्डाखाली घातलं. बोर्ड आपला आपण उभा होता, डोक्याची काही गरज नव्हती. तो तसाच थोडा वेळ राहिला, मग डोकं काढून घेतलं आणि स्क्रू मारायला लागला.

मला वाटलं, झालं, जमलं. मी बस घेऊन निघून गेले.

दुपारी परत आले तेव्हा तो पालथ्या बादलीवर बसला होता. चेहऱ्यावर, भुवयांवर पांढरी धूळ. खोली सतरा फुटांच्या आसपास लांब आहे, म्हणजे बारा फुटी बोर्डाच्या पुढे प्रत्येक ओळीत एक पाच फुटांचा तुकडा लागतो. घर जुनं, भिंती वाकड्या, त्यामुळे प्रत्येक तुकड्याचं माप वेगळं. वर एकच अख्खा बोर्ड लागला होता. त्याच्यापुढची जागा उघडीच. खाली भिंतीशी कापलेले तीन तुकडे उभे होते.

"आखूड झाले," तो म्हणाला.

"तिन्ही?"

"एक लांब झाला होता. तो मग आखूड केला."

मी हसले. तो हसला नाही. मी फ्रिको, आमच्याकडचा कोंबडीचा रस्सा, गरम करून दिला. कोंबडीचे तुकडे त्याने बाजूला सारले, रस्सा आणि बटाटे खाल्ले. खाऊन झाल्यावर तो भिंतीला पाठ टेकून बसला.

"दमलास," मी म्हणाले.

"वजन तर ती उचलते. मला कशाने दमायला होतंय तेच कळत नाही."

मंगळवारी सकाळची फेरी करून मी लवकर परतले. दार उघडलं तर तो शिडीवरून उतरत होता. टेप ताणलेली, आणि टेपवर एका जागी अंगठा घट्ट दाबलेला. तो अंगठा तसाच दाबून धरून, श्वास रोखून, तो खोली ओलांडून बोर्डापर्यंत चालला. वाटेत वायरीवर पाय पडला आणि अंगठा सरकला. तो थांबला. पुन्हा शिडीकडे वळला.

"थांब," मी म्हणाले. "माप सांग, मी लिहून ठेवते. किती आहे?"

त्याने शिडीवर चढून टेप लावली आणि बराच वेळ बघत राहिला.

"पाच फूट..." तो म्हणाला. "पाच फूट दोन इंच. आणि वर थोडं."

"थोडं म्हणजे किती सूत?"

त्याने टेप डोळ्यांजवळ धरली.

"चष्मा देऊ का? कुठे ठेवलायस?"

"चष्मा डोळ्यांवरच आहे, ओदील."

मी वर बघितलं. खरंच होता. त्याने टेप सोडली, ती सर्रकन आत गेली. तो शिडीच्या दुसऱ्या पायरीवर बसला.

"मला सूत वाचता येत नाहीत," तो म्हणाला. "आकडे येतात. मधल्या त्या बारीक रेषा कधी कळल्याच नाहीत. अकराव्या वर्षी मासळीच्या कारखान्यात लागलो, तिथे काय, टोपल्या मोजायच्या. इलेरबरोबर कामाला लागलो तेव्हा तो मापं ओरडायचा. मी म्हटलं, बरं आहे. एकदा विचारायचं राहून गेलं की मग विचारता येत नाही. लाज वाटते."

"मी शिकवते की. पाच मिनिटांचं काम आहे."

"आन्येसनेही शिकवून बघितलं. संध्याकाळी कळतं, सकाळी सगळ्या रेषा सारख्याच दिसतात."

"मग मी मोजून देत जाते. सकाळी फेरीच्या आधी."

"आणि मी तू येईपर्यंत बसून राहू? नको."

"इलेरला बोलावू?"

"नाही," तो म्हणाला. एवढं एकच उत्तर त्याने पटकन दिलं होतं.

त्या दिवशी तो अकरालाच निघून गेला. लिफ्ट खोलीच्या मधोमध हात पसरून उभी. मला वाटलं, आता हा यायचा नाही. वाईट वाटलं आणि, खरं सांगते, वैतागही आला. डोक्यावर उघड्या तुळया घेऊन आणखी किती दिवस काढायचे होते मला?

बुधवारी सातच्या आधीच त्याची गाडी दारात होती. काखेत लाकडी पट्ट्यांची मोळी. शेवंडी धरायच्या जुन्या पिंजऱ्यांच्या पट्ट्या होत्या त्या, अजून समुद्राचा वास येत होता.

"हे काय?"

"मापं," तो म्हणाला.

शिडीवर चढून त्याने दोन पट्ट्या एकमेकींवर ठेवल्या. एकीचं टोक लावलेल्या बोर्डाला टेकवलं, दुसरी सरकवत सरकवत भिंतीला भिडवली आणि जिथे दोन्ही एकमेकींवर आल्या तिथे चिकटपट्टी गुंडाळली. मग ती जोडलेली पट्टी खाली आणून बोर्डावर ठेवली आणि तिच्याइतकं कापलं. ना फूट, ना इंच. भिंत वाकडी, म्हणून एकदा या कडेला मोजायचं, एकदा त्या कडेला. प्रत्येक तुकड्यासाठी चार वेळा शिडी चढणं, चार वेळा उतरणं. पण तुकडा बसला. एका बाजूला बोटभर फट राहिली.

"पुट्टीत जाईल," तो म्हणाला. तीन दिवसांत पहिल्यांदाच त्याचा आवाज जरा मोकळा लागला.

गुरुवारी तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. हातातली टोपी फिरवत होता.

"ओदील, तुझ्याकडे लिपस्टिक आहे का?"

"कशाला?"

"लागते."

"आन्येसला माहीत आहे का?"

"दे ना आता."

लग्नाबिग्नाला लावते ती लाल लिपस्टिक मी त्याला दिली. छताच्या दिव्यासाठी जो चौकोनी लोखंडी डबा असतो, त्याच्या कडेला त्याने ती चारी बाजूंनी फिरवून लावली. मग अख्खा बोर्ड लिफ्टवर वर नेला, डब्यावर दाबला आणि पुन्हा खाली आणला. बोर्डाच्या पाठीवर लाल चौकोन उमटला होता. तेवढंच त्याने कापलं. बोर्ड परत वर गेला तेव्हा डबा भोकातून नीट बाहेर आला.

"हे तुला कुणी शिकवलं?"

"इलेर थट्टेत सांगायचा. कधी केलं नव्हतं."

दोघं असते तर हे सगळं काम दीड दिवसाचं. प्लासीदला शुक्रवार उजाडला तरी खोलीच्या दोन ओळी आणि स्वयंपाकघर बाकी होतं. तो आता दुपारी जेवून अर्धा तास जमिनीवरच आडवा व्हायचा, कोट डोक्याखाली घेऊन. मी आवाज न करता भांडी घासायचे. उठायचा तेव्हा आधी एका गुडघ्यावर, मग लिफ्टच्या खांबाला धरून. एकदा उठता उठता म्हणाला, "ही बरी आहे. काही विचारत नाही."

शनिवारी इलेर आला. हात झोळीत, अंगावर चर्चला जायचा कोट. न विचारता खुर्ची ओढून खोलीच्या मधोमध बसला.

"बघू दे तुझी नवी जोडीदारीण," तो म्हणाला. "माझ्यापेक्षा देखणी आहे."

"तुझ्यापेक्षा गप्प आहे," प्लासीद शिडीवरून म्हणाला.

"सहा दिवस झाले. चर्चचं छत आपण चार दिवसांत केलं होतं."

"तेव्हा तू कमी बोलायचास."

इलेर हसला. मग त्याची नजर भिंतीशी ठेवलेल्या पट्ट्यांवर गेली. वीसेक जोड्या होत्या, चिकटपट्टी गुंडाळलेल्या. शेजारी आखूड झालेले तुकडे. तो उठला, एक पट्टी हातात घेतली, खाली ठेवली. प्लासीदचा स्क्रू मारायचा आवाज थांबला होता.

"पट्टी चांगली आहे," इलेर म्हणाला. "पण दोन्ही टोकांना खूण कर, नाहीतर उलटी धरशील."

"तुला माहीत होतं," प्लासीद म्हणाला.

"पहिल्या वर्षापासून."

"कधी बोलला नाहीस."

"तूही माझं कधी कुणाला बोलला नाहीस."

तो कशाबद्दल म्हणत होता ते मला माहीत होतं, आणि गावात आणखी दोघातिघांना असेल. इलेरची बायको गेल्यावर दोनतीन वर्षं तो सकाळपासून प्यायचा. त्या दिवसांत प्लासीद घरमालकांना सांगायचा, इलेरला ताप आहे, आणि लाकडाच्या टेकूवर बोर्ड टेकवून एकटाच काम ओढायचा. अशा दिवशी तो फक्त अख्खे बोर्ड चढवायचा. तुकडे इलेर येईपर्यंत ठेवून द्यायचा. का, ते मला त्या शनिवारी कळलं.

प्लासीद खाली उतरला नाही. थोड्या वेळाने स्क्रूचा आवाज पुन्हा सुरू झाला. इलेर दुपारपर्यंत बसला. चांगल्या हाताने त्याने पट्ट्यांच्या टोकांना पेन्सिलीने खुणा केल्या, काकवीचा पाव लोणी लावून खाल्ला आणि मला छताबद्दल नको तेवढं समजावून सांगितलं. मापं मात्र त्याने एकदाही घेतली नाहीत. प्लासीदनेही मागितली नाहीत.

पुढच्या मंगळवारी छत पुरं झालं. पुट्टीला आणखी आठवडा गेला. खिडकीकडची एक सांध जरा रुंद आहे, ऊन कलतं तेव्हा दिसते. रेनाल्ड घरी आला तेव्हा त्याने ती लगेच दाखवली. मी म्हटलं, दिसू दे.

त्यानंतर प्लासीदने तीनेक वर्षं काम केलं, लिफ्ट घेऊन, एकट्याने, लहान लहान खोल्या. मग मान धरायला लागली आणि त्याने आपण होऊन सोडलं. लिफ्ट मार्गरी गावच्या एका माणसाला दिली. सोडल्यावर माणूस आराम करेल असं आन्येसला वाटलं होतं, पण त्याला काही आराम जमत नाही. तो सकाळी पाचला उठतो, धक्क्यावर जाऊन बोटी बघतो आणि संध्याकाळी सातला त्याचे डोळे मिटायला लागतात.

गेल्या रविवारी चौघं माझ्याकडे पत्ते खेळायला बसलो होतो. तराबिशचा डाव, प्लासीद आणि इलेर एका बाजूला. पानं वाटून झाली, आन्येसने पहिलं पान टाकलं आणि प्लासीदची पाळी आली, तर तो झोपलेला. पानं हातात तशीच, पंख्यासारखी उघडलेली.

"उठवू का?" मी विचारलं.

"नको," इलेर म्हणाला. "झोपू दे त्याला."

आन्येसने कपबशा गोळा केल्या, आणि आम्ही तिघं आवाज खाली करून दुसरंच काहीतरी बोलत बसलो.