इंजिन थांबेपर्यंत

विमानतळावर मी प्रवाशांना विमानापर्यंत सोडायचं काम करायचो. त्या दुपारी विमान उशिरा उतरलं. इंजिन अजून फिरत होतं, तरी सुपरवायझर सामान उतरवणाऱ्या शिंदेकाकांवर ओरडला, "जा पुढे, वेळ नाही!"

"इंजिन थांबल्याशिवाय जवळ जायचं नाही, साहेब. नियम आहे," काका म्हणाले.

"मग उद्यापासून येऊ नका."

नियम भिंतीवरही लिहिलेला होता, पण भिंत काही कुणाची बाजू घेत नाही. एकट्या माणसाचं खरं बोलणं किती सहज उद्धटपणा ठरतं! तेवढ्यात सामानाच्या ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरचा चालक सलीम खाली उतरून काकांच्या शेजारी उभा राहिला. मागोमाग सामान उतरवणाऱ्यांच्या युनियनमधले बाकीचेही आले.

"काकांना काढायचं तर आम्हा सगळ्यांनाच काढा," सलीम म्हणाला.

सुपरवायझर एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिला आणि शेवटी बाजूला झाला. इंजिनाची पाती मंदावत थांबली, तेव्हाच ते सगळे पुढे निघाले.

काम उरकल्यावर मी काकांना गाठलं. "आमच्यासारख्यांना घेता का युनियनमध्ये?"

"ये की," म्हणत त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.